शेपटीखालचं चाक

शिर्डीसाठी काकडीला उतरणाऱ्या प्रवासी विमानाचं पुढचं चाक नाकाखाली असतं. काही छोट्या विमानांना मात्र त्याऐवजी शेपटीखाली चाक असतं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरवलेलं ‘पुस मॉथ’ असंच शेपटीवर टेकणारं होतं. १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं आणि पुढे फ्लाइंग क्लबांनी वापरलेलं बंगळुरूचं ‘पुष्पक’ही तसंच. नाक वर राहिल्यानं पंखा खडीपासून दूर राहतो, म्हणून नगरसारख्या मुरमाड मुलखात ही घडण सोयीची.

पण हे चालवायला अवघडच, असं कुणी म्हणेल. खरंच आहे. विमानाचा भार मुख्य चाकांच्या मागे असल्यानं उतरताना ते जरा तिरकं झालं, की शेपूट पुढे धावू पाहते आणि विमान जागीच गरकन फिरतं. म्हणून ते पूर्ण थांबेपर्यंत वैमानिकाचे पाय रडरच्या पेडलवर जागे लागतात. माझ्या मते, हाच त्याचा फायदा: नाकचाकाचं विमान जी ढिलाई खपवून घेतं, ती इथे लगेच उघडी पडते. मात्र ज्याला फक्त डांबरी धावपट्टी वापरायची आहे आणि महिनोन्महिने सराव जमणार नाही, त्यानं नाकचाकाचंच विमान घ्यावं. शिवाय आपलं शेत मोकळं आहे म्हणून तिथून लगेच उडता येतं, असं नाही. नोंदणी, परवाना आणि परवानगी लागतेच. विमान विकत घेणाऱ्यानं किमतीआधी आपल्या सरावाचा हिशेब करावा.