लाकडाची भेग : बुजवावी केव्हा, टाकावी केव्हा

(ग्रामीण कारागीर, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



आपला धाराशिव जिल्हा पर्जन्यछायेतला आणि अल्प वनक्षेत्राचा. येथील सुताराच्या हाती सागाचा सरळ सोट क्वचितच लागतो. बांधावरची बाभूळ, अंगणातला कडुनिंब, मळ्यातली चिंच अथवा वाऱ्याने पडलेला आंबा हेच त्याचे भांडवल होय. अशा लाकडात गाठी असतात, किडीची छिद्रे असतात आणि उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत त्यास भेगाही पडतात. भेग दिसली की पुष्कळदा चांगला ओंडका चुलीत जातो. उलटपक्षी, जो टाकावयास हवा तोच कधी कधी बुजवून चरकावर चढवला जातो. पहिल्या प्रकारात मालाची हानी होते, दुसऱ्यात कारागिराच्या हाताडोळ्यांना इजा होऊ शकते. यास्तव कातीव कामापुरता, म्हणजे लाकूड फिरवून पटाशीने गोल करण्याच्या कामापुरता, हा विषय मी आज मांडणार आहे.

प्रथम भेग का पडते ते पाहू. लाकडातील ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरू लागला की लाकूड आक्रसते. पण ते सर्व बाजूंनी सारखे आक्रसत नाही. गाभ्यापासून सालीच्या दिशेने जेवढे आक्रसते, त्याच्या साधारणतः दुप्पट ते वाढीच्या वलयांच्या दिशेने आक्रसते. या ओढाताणीतून गाभ्याकडून सालीकडे जाणारी भेग उमटते. शिवाय ओंडक्याच्या कापलेल्या टोकांतून ओल झपाट्याने उडते, म्हणून भेगेचा आरंभ बहुधा तेथेच होतो. झाड कापताच दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावावा आणि ओंडका उन्हात न टाकता वारा खेळेल अशा सावलीत रचावा, म्हणजे निम्मे काम आधीच होते. गाभा मधोमध ठेवून केलेला गोल तडकण्याचा संभव अधिक. म्हणून ओंडका गाभ्यावर उभा चिरून घेणे हिताचे.

आता भरावाविषयी. लाकूड ओले असता भेग कधीही बुजवू नये. भरलेला कठीण पदार्थ लाकडाबरोबर आक्रसत नाही. पुढे लाकूड वाळले की त्याच्या कडेने नवी फट दिसू लागते. म्हणून वस्तू आधी जाडसर कातावी, वाळू द्यावी, मग भेगेतील सुटी साल व धूळ काढून भराव घालावा, तो पृष्ठभागाहून किंचित वर ठेवावा आणि पुरता कडक झाल्यावर धारदार पटाशीने अखेरचा हात फिरवावा.

बारीक भेगेस त्याच लाकडाचा चाळलेला भुसा व सरस किंवा फेव्हिकॉल पुरे. मात्र हे मिश्रण सुकल्यावर मूळ लाकडापेक्षा गडद दिसते. शिवाय सांडलेल्या सरसावर रंग धरत नाही. त्यासाठी भेगेच्या कडेस आधी चपड्याचा पातळ हात द्यावा. किडीच्या छिद्रांना वितळवलेली लाख उत्तम. कर्नाटकातील चन्नपट्टणचे खेळणी करणारे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर बसते. हाच गुण येथे उपयोगी पडतो. रुंद पोकळीत मात्र भुसा न कोंबता, त्याच जातीच्या लाकडाची पाचर तंतूंची दिशा जुळवून सरसाने बसवावी. इपॉक्सीही चालते, पण तिचे दोन भाग अचूक प्रमाणात मिसळावे लागतात आणि ती हाताळताना हातमोजे व मोकळी हवा आवश्यक असते.

एवढे सारे खरे असले तरी भराव म्हणजे आधार नव्हे. आरपार गेलेली भेग, वलयांच्या बाजूने सुटलेला थर किंवा ठोकल्यावर बद्द वाजणारा ओंडका चरकावर चढवू नये. वेगाने फिरताना त्याचा तुकडा उडतो, आणि आतल्या सरसाचा तेथे काही उपयोग होत नाही. शंका असल्यास आरंभी वेग कमी ठेवावा, डोळ्यांवर चष्मा लावावा आणि फिरत्या लाकडाच्या रेषेत उभे राहू नये. लाटणे, पोळपाट, रवी या वस्तू रोज धुतल्या जातात. त्यांतला भराव सुटून अन्नात जाऊ शकतो. त्यांना निर्दोष लाकूडच घ्यावे. भेगाळ लाकूड खुंट्या, देव्हाऱ्याचे खांब अथवा शोभेच्या वस्तूंसाठी ठेवावे. आणि भराव घातला असेल तर गिऱ्हाइकास तसे सांगावे.

पंचायत सदस्यांना एक विनंती. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य तीत आहे. ग्रामीण भागात अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते. ती रखडली तर कारागीर रखडतो. शिक्षक बंधुभगिनींनी कार्यानुभवाच्या तासाला बाभळीचा एक ताजा तुकडा वर्गात ठेवावा, एका टोकास मेण लावावे, दुसरे उघडे सोडावे आणि उन्हाळाभर मुलांकडून नोंदी घ्याव्यात. कोणत्या टोकाला भेग आधी पडते हे मुले स्वतः पाहतील आणि घरी जाऊन सांगतील.

सरळ सोट आपल्या भूमीत विपुल नाहीत. परंतु बांधावरच्या वाकड्या लाकडास पारखून घेणारा हात गावोगाव आहे. त्याला सुकवण्याचा धीर आणि निवडीचे ज्ञान यांची जोड मिळावी, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!