उत्तर न देणारा चित्रपट



मॅट्रिकची परीक्षा उतरल्यावर मीं मास्तरकी पत्करली आणि छत्तीस वर्षें मुलांना अंकगणित शिकविलें. उत्तर लिहून त्याखालीं दोन रेघा ओढल्यावांचून माझ्या वर्गांत उदाहरण पुरें झालें असें कोणी मानीत नसे. अशी संवय जडलेला मनुष्य चित्रपटगृहांतहि त्या दोन रेघांचीच वाट पाहत बसतो. परंतु थोड्या भांडवलांत, स्वतंत्र वृत्तीनें काढलेले जे मराठी चित्रपट गेल्या पंधरावीस वर्षांत नांवाजले गेले, त्यांतील कित्येक उत्तर न लिहितांच वही मिटतात. उमेश कुलकर्णी यांच्या २००९ सालच्या 'विहीर' या चित्रपटांत दोन जिवलग मुलांपैकीं एक विहिरींत बुडून मरतो. त्याचा पाय घसरला, कीं त्यानें आपणहून उडी घेतली, हें कोणी निश्चित सांगत नाहीं. प्रेक्षकाचा संताप व्हावा यांत नवल तें काय ? माझाहि झाला. तो कसा झाला आणि पुढें त्याचें काय झालें, एवढेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

२०१५ च्या एप्रिलमध्यें चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' प्रदर्शित झाला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें होतें, आणि त्यांतील लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका आमच्या नागपूरच्याच वीरा साथीदार यांनीं केली होती. तेव्हां सदरमधून आम्ही उभयतां मोठ्या उत्सुकतेनें गेलों.

कथानक साधें आहे. मुंबईंत गटार साफ करणारा एक कामगार मरतो. कांबळे यांचें गाणें ऐकून त्यानें आत्महत्या केली, असा आरोप ठेवून पोलीस त्या वृद्ध शाहिराला पकडतात. तारखांवर तारखा पडतात. जामीन मिळतो, पुढें निराळ्या आरोपाखालीं पुन्हां अटक होते. इतक्यांत उन्हाळ्याची सुटी लागते, न्यायालयांतील दिवे मालवले जातात आणि पडद्यावर कांहीं वेळ काळोख राहतो. त्यानंतर दिसतात ते सहलीला गेलेले न्यायाधीश. बांकावर त्यांना डुलकी लागते. मुलें ओरडून झोंप मोडतात. ते एकाला चपराक देतात आणि पुन्हां डोळे मिटतात. चित्रपट संपला !

मागच्या रांगेंतून कोणी तरी मोठ्यानें विचारलें, "अरे, त्या म्हाताऱ्याचें काय झालें ?" माझाहि प्रश्न तोच होता. घरीं परततांना वाटभर मी तणतणत होतों. मंडळींनीं सर्व ऐकून घेतलें आणि एवढेंच म्हटलें, "मामंजींना तरी कुठें कळलें होतें ?"

मी गप्प झालों. आमच्या शेताच्या बांधाचा एक दावा माझ्या लहानपणापासून चालू होता. वडील पहांटे कागदांची पिशवी घेऊन निघत आणि संध्याकाळीं नवी तारीख घेऊन येत. "काय झालें ?" असें आई विचारी, ते मुकाट्यानें टोपी खुंटीला अडकवीत. १९९१ सालीं ते वारले तेव्हां पिशवींत पुढल्या तारखेचा कागद होता. चित्रपटाकडून मी जो निकाल मागत होतों, तो मला कांबळ्यांसाठीं हवा होता कीं वडिलांसाठीं, हें त्या रात्रीं मला सांगतां आलें नसतें.

पुढें तो चित्रपट मीं पुन्हां पाहिला, आणि या वेळीं मास्तराच्या डोळ्यांनीं पाहिला. उत्तर लिहिलेलें नव्हतें, तरी उदाहरणांत दिलेल्या गोष्टी पुऱ्या होत्या. मृत कामगाराची विधवा साक्ष देते. संरक्षणाचीं साधनें त्याच्यापाशीं नसत. गटारांत झुरळ हालतांना दिसलें म्हणजे आंत हवा आहे असें समजून तो खालीं उतरे. तो कशानें मेला हें याहून स्पष्ट काय सांगावयाचें ? शाहीर सुटला असें दाखविलें असतें, तर आम्ही समाधानानें घरीं येऊन जेवलों असतों. त्याला शिक्षा झाली असती, तर दोन टिपें गाळून मोकळे झालों असतों. खटला अपुरा राहिला म्हणूनच तो आमच्याबरोबर घरीं आला.

याचा अर्थ प्रत्येक अपुऱ्या शेवटाला मान डोलवावी असा नव्हे. सर्व कांहीं पुरवून उत्तर प्रेक्षकावर सोंपविणें निराळें, आणि उत्तर स्वतःलाच सांपडलें नाहीं म्हणून धुकें पसरून ठेवणें निराळें. वर्गांत दोन्ही प्रकारचीं मुलें मीं पाहिलीं आहेत. दुसऱ्या प्रकारचीं बहुधा उत्तराच्या जागीं शाई सांडून ठेवीत. आणि शंका विचारणाऱ्याला "तुम्हांला तें समजलेंच नाहीं" असें म्हणून गप्प बसविणारे जाणते लोक तर मला मुळींच मान्य नाहींत. मागच्या रांगेंतला तो गृहस्थ अडाणी नव्हता. त्याला त्या म्हाताऱ्याची काळजी लागली होती. कोणत्याहि दिग्दर्शकाला प्रेक्षकाकडून याहून अधिक काय हवें असतें ?

२०२१ च्या एप्रिलमध्यें वीरा साथीदार कोरोनानें नागपुरांतच वारले. बातमी ऐकून आमच्या घरांत थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मग मंडळींनीं हळूच विचारलें, "अहो, त्या कांबळ्यांचें शेवटीं काय झालें असेल ?" सहा वर्षें होऊन गेलीं होतीं, तरी खटला आमच्याकडे चालूच होता. त्याच्याखालीं दोन रेघा मीं अजून ओढलेल्या नाहींत.