वंशावळीतील वय : संगणकाची गणना आणि आपली नोंद

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कुलवृत्तांताची नवी आवृत्ती संगणकाच्या साहाय्याने सिद्ध करण्याचे आपल्या मंडळाने योजिले आहे. त्यासाठी घरोघरी गेलेल्या माहितीपत्रकातील ‘जन्मतारीख’ हा रकाना भरताना पुष्कळांची लेखणी अडखळते, असे कार्यकर्ते सांगतात. म्हणून त्या एका रकान्याविषयीच आज चार शब्द बोलावे असे मी ठरविले आहे.

वय मोजणे हे दिसते तितके सोपे नाही. ‘मुलाला आठवे लागले’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याची सात वर्षे पुरी झालेली असतात. मुंजीसाठी गर्भाष्टम धरणारे तर गर्भापासून मोजतात. वंशावळीची संगणकप्रणाली मात्र केवळ पुरी झालेली वर्षे धरते. ती सालातून साल वजा करते आणि त्या वर्षीचा वाढदिवस अजून यावयाचा असेल, तर एक वर्ष कमी करते. तेव्हा जुन्या कागदावर ‘वय वर्षे साठ’ असे आढळल्यास, साठ पुरी की साठावे चालू, याचा विचार केल्यावाचून त्यावरून जन्मसाल काढू नये.

दुसरी अडचण शकाची. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, असे आपण शिकलो. परंतु हा नियम चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच चालतो; जानेवारीपासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शिवछत्रपतींचेच उदाहरण घ्या. त्यांची शासनमान्य जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. ७८ मिळविल्यास १६२९ येते. खरे साल १६३०, तारीख १९ फेब्रुवारी. महाराजांचे निधन चैत्र शुद्ध पौर्णिमा, शके १६०२, म्हणजे ३ एप्रिल १६८० रोजी झाले. शकातून शक वजा केल्यास वय एक्कावन्न दिसते. वास्तविक पन्नास वर्षे पुरी होऊन एक्कावन्नावे नुकतेच लागले होते. शिवाय या तारखा ज्युलियन पंचांगाच्या आहेत. आजच्या ग्रेगोरियन गणनेने जन्मदिवस १ मार्च १६३० येतो. तारीख कोणत्या पंचांगाची, हे संगणकास सांगितले नाही, तर दहा दिवसांची चूक निमूटपणे वंशावळीत शिरते.

तिथीचे गणितही ध्यानी घ्यावे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. अधिक मासाने त्याचा सौरवर्षाशी मेळ बसतो. त्यामुळे तिथीचा आणि तारखेचा वाढदिवस दरवर्षी वेगळा पडतो आणि बहुधा एकोणिसाव्या वर्षी दोन्ही पुन्हा एकत्र किंवा एखाद्या दिवसाच्या अंतराने येतात. आपला वार सूर्योदयास बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. सोमवारी रात्री उलटून तीन वाजता जन्मलेले मूल पंचांगाने सोमवारचे, तर दप्तराने मंगळवारचे. यात कोणाचे खोटे नाही. मोजमाप निराळे, इतकेच.

वाढदिवस आणि वय या दोन गोष्टी आहेत, हे श्री. मोरारजी देसाई यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. त्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ रोजी झाला. १९०० साली लीप वर्ष नसल्यामुळे ती तारीख पुन्हा उगवली ती थेट १९०४ साली. १० एप्रिल १९९५ रोजी ते निवर्तले, तोवर तिचे पुनरागमन अवघे तेवीस वेळा झाले होते. वय मात्र नव्याण्णव पुरे होते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. रकाना रिकामा दिसला की तो भरण्याचा मोह होतो. शाळेत नाव घालताना १ जून ही तारीख मांडण्याची पूर्वीची रीत आपणांस ठाऊक आहे. आपल्यापैकी कित्येक कुटुंबांत तीन-तीन भावंडे १ जूनचीच सापडतील! तीच तारीख संगणकात गेली, की ती पुराव्याने सिद्ध झाल्यासारखी दिसू लागते आणि पुढची पिढी तीवर विश्वास ठेवते. वास्तविक या प्रणालींत ‘सुमारे’, ‘पूर्वी’, ‘नंतर’ आणि ‘दरम्यान’ असे लिहिण्याची सोय आहे. तिचा उपयोग करण्यात कमीपणा नाही. खोट्या अचूकपणापेक्षा प्रामाणिक ‘सुमारे’ शतपटीने मोलाचे.

याचे परिणाम लहान नाहीत. आपल्याकडे नातवास आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आहे. एकाच नावाचे दोन पुरुष एकाच घरात होऊन गेले, की त्यांना वेगळे ओळखण्यास जन्मकाळावाचून दुसरे साधन बहुधा उरत नाही. सालाची चूक झाली, तर दोघांचा एक होतो आणि एक पिढीच गळते.

आणि आपल्या आज्या-पणज्यांचे काय? जुन्या वंशावळींत पुरुषांची नावे शिस्तीने आढळतात. स्त्रियांच्या जन्माची नोंद क्वचित. तरीही त्यांचा काळ शोधता येतो. मुंबईत प्लेग आला १८९६ साली, इन्फ्लुएन्झाची साथ १९१८ साली. ‘साथीच्या वर्षी मी परकरात होते’ एवढे एखादीचे वाक्य घरात कोणाला आठवत असेल, तर तेवढ्यावरून ‘दरम्यान’ची दोन साले मांडता येतात. पाठच्या भावंडांचे आणि पहिल्या अपत्याचे साल जोडीस घेतले, की ते अंतर आणखी आवळते. तिचा रकाना कोरा सोडण्यापेक्षा हे कष्ट आपण अवश्य घ्यावेत. कारण सांगणारी तोंडे दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून माझी आपणांस तीन गोष्टींची विनंती आहे. कागदावर जे असेल ते, तिथी-शकासह, जसेच्या तसे लिहा आणि त्याची इंग्रजी तारीख शेजारी वेगळी द्या. माहिती कोठून मिळाली, पत्रिकेवरून, दाखल्यावरून की आठवणीवरून, हे नमूद करा. आणि हयात व्यक्तींची पूर्ण जन्मतारीख छापील ग्रंथात देऊ नका. तिचा दुरुपयोग करणारे लोक आज पुष्कळ आहेत, तेथे साल पुरेसे आहे.

संगणक बेरीज-वजाबाकीत चुकणार नाही. त्याच्या हाती आपण काय देतो, ते पाहणे आपले काम आहे. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांजवळ आजच बसा आणि विचारा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.