दूरचे ध्येय आणि आजचा हप्ता

(तालुका शिक्षण परिषदेतील भाषण)



द्रव्यसंचयाचा संकल्प करणे सोपे असते. तो आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत टिकविणे कठीण. पगाराच्या दिवशी मनुष्याचे मन उदार असते आणि वीस तारखेस तेच मन खिन्न होते. मुलीचे उच्च शिक्षण, गावाकडचे घर, कर्जातून मुक्तता ही ध्येये दूर उभी असतात. आजची गरज मात्र दाराशी येऊन हाक मारते. पुष्कळांचे बेत मोडतात ते प्रथम उत्साह आटल्यामुळे. पैसा त्यानंतर संपतो.

या दृष्टीने महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र शिक्षकांनी पुन्हा एकदा वाचावे. स्त्रीशिक्षणाचे प्रवर्तक म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. परंतु पैशाच्या बाबतीतील त्यांची चिकाटी फारशी चर्चिली जात नाही. मुंबईत शिकवण्या करून शिकत असतानाच त्यांनी आपल्या प्राप्तीतून रुपयामागे एक पैसा सत्कार्यासाठी बाजूस काढण्याचा नेम धरला. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे चौसष्टावा भाग! एवढ्या अल्प रकमेने कोणाचा संसार अडत नाही, आणि म्हणूनच तो नेम मोडण्यास सबबही सापडत नाही.

१८९१ मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. जवळ साठलेली शिल्लक त्यास दिली आणि सुट्टी लागली की निधी जमविण्यासाठी गावोगाव हिंडावयाचे, असा क्रम ठेवला. १९०० मध्ये आश्रम हिंगण्यास गेला तेव्हा तेथे एक झोपडी होती. महाविद्यालयातील काम आटोपून ते पुण्याहून तेथे पायी जात. महिला विद्यापीठ निघाले १९१६ मध्ये, आणि सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी आली १९२० मध्ये. म्हणजे आश्रमाच्या स्थापनेनंतर चोवीस वर्षांनी. १८९६ मध्ये या पंधरा लाखांची कल्पनाही त्यांस असणे शक्य नव्हते. त्यांच्या पुढे होती ती त्या वर्षीची गरज, त्या वर्षीची खोली, त्या महिन्याचा किराणा. ज्याचा शेवट डोळ्यांस दिसतो असे काम त्यांनी नेहमी हाताशी ठेवले, आणि ते पुरे झाले की त्याच्या पुढचे घेतले. त्यांचा उत्साह इतकी वर्षे पुरला याचे कारण येथे शोधावे.

तथापि सर्वच बाबतींत त्यांचे अनुकरण करावे असे नाही. संस्थेसाठी त्यांनी आपला विमाही देऊन टाकला. प्रपंचाची ओढाताण मात्र पत्नी आनंदीबाईंना सोसावी लागली. त्यांचे ‘माझे पुराण’ हे आत्मकथन वाचणारास ती जाणवल्यावाचून राहत नाही. घरच्या माणसांस विचारल्याशिवाय केलेला त्याग किंवा काटकसर त्यांच्या माथी ओझे होऊन बसते. शिक्षकाने बचतीचा बेत करावयाचा तो घरातील सर्वांना बरोबर बसवूनच.

१ नोव्हेंबर २००५ पासून राज्यातील नव्या नेमणुकांना अंशदायी निवृत्तिवेतन योजना लागू झाली. तेव्हापासून सेवेत आलेल्या शिक्षकांस म्हातारपणाच्या तरतुदीचा विचार आधीच्या पिढीपेक्षा लवकर करावा लागतो. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची, म्हणजे साठ हप्त्यांची असते. दरमहा एक हजार रुपये भरल्यास नुसते मुद्दलच साठ हजार होते. परंतु साठ हजारांकडे पाहत बसणारा शिक्षक चौदाव्या हप्त्यास थकतो. घरच्या वहीत साठ चौकोन आखावे आणि दरमहा मुलांकडून एक चौकोन भरवून घ्यावा. ही युक्ती बालिश वाटेल. परंतु वर्गातील मुलांस पाढे पाठ करविताना शिक्षक हेच करीत असतो.

अधिक निराशा येते ती कर्जाच्या बाबतीत. समजा, एखाद्या शिक्षकाने पतसंस्थेतून पाच लाख रुपये शेकडा दहा दराने, घटत्या शिलकीवरील व्याजाने घेतले आणि दरमहा आठ हजारांचा हप्ता ठरला. पहिल्या हप्त्यातील सुमारे ४,१६७ रुपये व्याजातच जातात. मुद्दल फिटते अवघे ३,८३३. वर्षभर पगारातून कपात होते, आणि उतारा पाहावा तर बाकी जेमतेम हललेली! येथे मन खचते. मग कोणी तरी सुचवितो की कर्ज नवे-जुने करा, हातात चार पैसे येतील. लग्नसराईत हा सल्ला फारच गोड लागतो.

परंतु पुढचा हिशेब करून पाहावा. तीन वर्षे हप्ते नियमाने भरल्यावर त्याच आठ हजारांपैकी ५,१०० हून अधिक रुपये मुद्दलात जाऊ लागतात, आणि हा आकडा दरमहा वाढतच राहतो. चढ संपून उतार लागण्याची ही वेळ असते. नेमक्या याच वेळी कर्ज नवे-जुने करणारा पुन्हा पायथ्याशी येतो. आजारपण किंवा तसेच संकट असेल तर गोष्ट वेगळी. त्या प्रसंगी कर्ज काढण्यात लाज मानू नये. हौसेसाठी मात्र ते करू नये.

मुलांना व्याजाची उदाहरणे फळ्यावर सोडवून दाखविणारे कितीतरी शिक्षक स्वतःच्या कर्जाचे उदाहरण कधी मांडीत नाहीत. ते एकदा मांडावे. प्रत्येक हप्त्यातील व्याज व मुद्दल वेगळे लिहावे आणि मुद्दलाच्या रकान्याकडे दरमहा पाहावे; वाढताना दिसतो तो हाच रकाना. मार्चअखेरचा पतसंस्थेचा उतारा हाती आला म्हणजे तो वहीतील आकड्यांशी ताडून पाहावा, आणि दोहोंत फरक आढळल्यास त्याच आठवड्यात पतसंस्थेत जाऊन विचारणा करावी.