शेजारचा धूर आणि घरमालकाचे कर्तव्य



घराला भिंती असतात, दार असते, दाराला कुलूपही असते. परंतु धुराला यांपैकी काहीच अडवीत नाही. खालच्या मजल्यावर कोणी सिगारेट पेटवली की तिचा धूर डक्टमधून, न्हाणीघराच्या खिडकीतून, दाराखालच्या फटीतून वरच्या घरात शिरतो. तेथे कदाचित दम्याने त्रासलेले आजोबा नुकतेच झोपी गेलेले असतात, कदाचित पाळण्यात मूल असते. खिडकी लावावी तर घरात कोंदट होते, उघडावी तर धूर येतो. अशा घरातील गृहिणी एक दिवस शेजारी जाऊन विनंती करते. दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी उत्तर मिळते, "आमच्या घरात आम्ही काय करावे, हे तुम्ही कोण सांगणार?"

येथपर्यंत हे भांडण दोघांचे दिसते. वस्तुतः त्यात तिसरा पक्ष असतो आणि तो बहुधा दूर उभा राहतो. तो पक्ष म्हणजे घरमालक. ज्याने आपली सदनिका भाड्याने दिली, त्याच्या दृष्टीने भाडे वेळेवर आले की व्यवहार पूर्ण होतो. भाडेकरूची तक्रार आली तर "शेजाऱ्यावर माझा काय अधिकार?" असे तो म्हणतो, भाडेकरूविरुद्ध तक्रार आली तर "तो भाडे नीट देतो, मी कसे बोलू?" असे म्हणतो. धुराच्या तंट्यात घरमालकाला असे अलिप्त राहता येत नाही, एवढेच या ठिकाणी मांडावयाचे आहे.

प्रथम धुराविषयी. दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर हा केवळ वासाचा किंवा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. १९८१ साली जपानमधील संशोधक हिरायामा यांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या, परंतु धूम्रपान करणाऱ्या पतीसोबत राहणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा स्त्रियांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे त्यात दिसून आले. २००६ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या अहवालाने स्पष्ट केले की अशा धुराची कोणतीही मात्रा निर्धोक नाही; खोल्या वेगळ्या करून किंवा पंखे लावून धोका पूर्णपणे टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे दुसऱ्याच्या धुरामुळे प्राणास मुकतात. भारतात २००९-१० च्या पाहणीत ५२.३ टक्के प्रौढांना घरातच असा धूर सोसावा लागत होता. २०१६-१७ च्या पाहणीत हे प्रमाण ३८.७ टक्क्यांवर आले. घट समाधानकारक आहे. तथापि शंभरातील अडतीस हा आकडा लहान नव्हे.

आता कायद्याकडे वळावे. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने त्यास बंदी घालणारा आदेश दिला. पुढे २००३ चा तंबाखू उत्पादनांविषयीचा केंद्रीय कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे सुधारित नियम अमलात आले. उपाहारगृह, कार्यालय, रुग्णालय, चित्रपटगृह येथे धूम्रपान करणाऱ्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु हा कायदा राहत्या सदनिकेच्या उंबरठ्याशी थांबतो. घराच्या आत ओढलेली सिगारेट त्याच्या कक्षेत येत नाही, मग तिचा धूर कोणाच्याही घरात जावो.

उंबरठ्याच्या आत काही कायदेशीर आधार आहे, पण तो घरमालकाच्या आणि सोसायटीच्या हाती आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ नुसार भाडेकरूचे वर्तन शेजाऱ्यांना उपद्रवकारक ठरल्यास घरमालक जागेचा ताबा मागू शकतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही सभासदाने इतरांना उपद्रव होईल असे काही आपल्या सदनिकेत करू नये, असे बंधन आहे. मात्र धुराचा वास आला एवढ्या एका कारणावरून घर रिकामे करून मिळेल, अशी अपेक्षा कोणी धरू नये. उपद्रव किती, किती काळ आणि कशावरून, हे सिद्ध करावे लागते.

घरमालकाची जबाबदारी कोठवर जाते, याचे बोलके उदाहरण न्यूयॉर्कमध्ये घडले. तेथील एका मोठ्या इमारतीत एका गृहस्थाच्या मालकीची सदनिका होती आणि ती त्याने एका दाम्पत्यास भाड्याने दिली होती. शेजारी नवे रहिवासी आले आणि त्यांच्या सिगारेटचा धूर या घरात येऊ लागला. भाडेकरूंनी तक्रारी केल्या, फटी बुजवल्या, हवा शुद्ध करणारी यंत्रे आणली. शेवटी २००१ साली ते घर सोडून गेले. घरमालकाने उरलेल्या भाड्यासाठी दावा लावला. शेजारी आपला भाडेकरू नाही, त्याच्यावर आपला ताबा नाही, असे त्याचे म्हणणे होते. २००६ साली तेथील दिवाणी न्यायालयाने भाडेकरूंचा बचाव फेटाळण्यास नकार दिला. शेजाऱ्याचा धूर घर राहण्यास अयोग्य करू शकतो आणि इमारतीच्या व्यवस्थापक मंडळामार्फत घरमालकाला काही करता आले असते, असा त्या निर्णयाचा आशय होता. मुंबई-पुण्यातील सोसायटीत सदनिका भाड्याने देणाऱ्याची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. अमेरिकेचे सरकार स्वतः ज्या घरांचे मालक-पालक आहे, त्या सार्वजनिक गृहसंकुलांत तर २०१८ च्या जुलैअखेरपासून घरांच्या आतही धूम्रपानास मनाई झाली.

दुसरी बाजूही तितक्याच न्यायाने पाहिली पाहिजे. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहरात सुमारे चाळीस वर्षे एकाच घरात राहिलेल्या वृद्ध भाडेकरूला, त्याचा धूर जिन्यात येतो म्हणून घरमालकाने नोटीस दिली. २०१३ आणि २०१४ साली खालची दोन्ही न्यायालये घरमालकाच्या बाजूने गेली. परंतु २०१५ साली सर्वोच्च स्तरावरील न्यायालयाने वस्तुस्थिती नीट तपासली गेली नाही म्हणून प्रकरण परत पाठवले आणि २०१६ साली भाडेकरूचे घर वाचले. त्याच २०१५ सालच्या जानेवारीत त्याच न्यायालयाने बाल्कनीतील धूम्रपानाच्या दुसऱ्या तंट्यात वेगळा मार्ग दाखवला. त्रास खरोखर मोठा असेल तर वरच्या मजल्यावरील रहिवाशाला दिवसातील काही तास धूरमुक्त मागता येतील आणि उरलेल्या वेळी दुसऱ्याला मोकळीक राहील. घर दोघांचेही असते, ही जाणीव या निर्णयामागे आहे.

आपल्याकडे या तंट्यात एक गोष्ट विशेष क्लेशदायक आहे. बहुतेक सदनिका अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर दिल्या जातात. ज्याला त्रास होतो तो भाडेकरू असेल, तर तक्रार करताना त्याच्या मनात भीती असते की करार पुन्हा होणार नाही. मुलांची शाळा जवळ, आईवडिलांचे डॉक्टर जवळ. म्हणून तो गप्प बसतो. आणि त्याने तक्रार केलीच, तर घरमालकाला सर्वांत सोपा मार्ग सुचतो, "नसेल जमत तर दुसरी जागा पाहा." धूर करणारा राहतो आणि धूर सोसणारा जातो. त्यानंतर त्याच घरात दुसरे कुटुंब, दुसरे मूल येते आणि धूर तसाच राहतो. हा न्याय नव्हे. ही केवळ सोय आहे.

मग घरमालकाने काय करावे? पहिली गोष्ट कराराच्या वेळची. सदनिकेत, बाल्कनीत आणि सामाईक जागेत धूम्रपान करू नये, ही अट बोलण्यावर न सोडता करारात लिहावी आणि सही होण्यापूर्वी वाचून दाखवावी. अट आधी सांगितली तर तो व्यवहार असतो. नंतर सांगितली तर ते भांडण होते. दुसरी गोष्ट तक्रारीच्या वेळची. तक्रार आली की स्वतः जाऊन पाहावे. धूर किती वाजता येतो, कोणत्या बाजूने येतो, याची भाडेकरूला तारीखवार नोंद ठेवण्यास सांगावे. पाइपांभोवतीच्या फटी, डक्टकडील खिडकी, बंद पडलेला एक्झॉस्ट पंखा यांची दुरुस्ती मालकाने स्वखर्चाने करावी. त्याने धोका संपत नाही, पण त्रास कमी होतो. तिसरी गोष्ट, सोसायटीला लेखी पत्र द्यावे. जिना, लिफ्ट, लॉबी आणि गच्ची येथे धूम्रपान न करण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत मांडणे हा सभासद म्हणून घरमालकाचा अधिकार आहे. भाडेकरूला तो नसतो. म्हणूनच भाडेकरूचा आवाज सभेत पोहोचवणे हे मालकाचे कर्तव्य ठरते. एवढे करूनही भागले नाही, तर वेळांची वाटणी सुचवावी. न्यायालयाची पायरी ही शेवटची.

या प्रसंगी दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक वाटतात. धुराचे निमित्त करून कोणाची जात, धर्म, आहार किंवा एकटे राहणे यांवर राग काढला जाऊ नये. अट धूम्रपानाविषयी असावी, माणसाविषयी नव्हे. आणि ती मालकाच्या पाहुण्यांनाही लागू असावी. दुसरे असे की धूप आणि अगरबत्ती यांच्या धुरातही फुप्फुसांना अपायकारक सूक्ष्म कण असतात आणि तो धूरही त्याच डक्टमधून वर जातो. शेजाऱ्याच्या सिगारेटबद्दल बोलणाऱ्याने आपल्या देवघराची खिडकी कोणत्या बाजूला उघडते, हेही एकदा पाहावे.

धूम्रपान करणारा शेजारी हा शत्रू नाही. अनेकदा तो स्वतःच व्यसनात अडकलेला असतो आणि सुटू पाहत असतो. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. तक्रारीच्या कागदासोबत हा क्रमांकही शेजाऱ्याच्या हाती दिला, तर बोलण्याचा सूर बदलतो.

अहिंसेचा विचार पाण्याच्या गाळणीपर्यंत आणि पावलाखालच्या जीवापर्यंत नेणाऱ्या समाजाला शेजाऱ्याच्या श्वासाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. ज्याच्या हाती घराची किल्ली आणि कराराची लेखणी आहे, त्या घरमालकाने भाड्याची पावती देताना एकच प्रश्न स्वतःस विचारावा. या घरात राहणाऱ्याला आणि त्याच्या शेजाऱ्याला, दोघांनाही रात्री खिडकी उघडी ठेवून झोपता येते का? उत्तर 'नाही' असेल, तर त्याचे काम अजून शिल्लक आहे.