शाळेचे ऋण स्मरणारा व्यापारी : सर पॉल चेटर

(हीरक महोत्सवी स्नेहमेळाव्यातील व्याख्यान)



आपल्या परंपरेने माणसाच्या माथी तीन ऋणे सांगितली आहेत : देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण. पहिल्या दोहोंचे स्मरण घराघरांत होते. ज्यांनी अक्षरे गिरवायला शिकवली, त्यांचे ऋण मात्र पुष्कळदा विस्मरणात जाते. ज्याला ते आयुष्यभर विसरता आले नाही, अशा एका परदेशस्थ व्यापाऱ्याचे चरित्र हीरक महोत्सवाच्या निमित्ताने आठवावे, हे उचितच होय.

कॅचिक पॉल चेटर यांचा जन्म ८ सप्टेंबर १८४६ रोजी कोलकात्यातील एका आर्मेनियन कुटुंबात झाला. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. अशा वेळी शिष्यवृत्तीच्या आधाराने त्यांना ला मार्टिनियर शाळेत आसरा मिळाला. ही शाळा क्लॉड मार्टिन या फ्रेंच गृहस्थाच्या मृत्युपत्रातून उभी राहिली आणि १८३६ साली सुरू झाली. मार्टिनही दूरदेशाहून आलेले आणि इथेच मिळवलेली संपत्ती इथल्या मुलांच्या शिक्षणासाठी ठेवून गेलेले. एका स्थलांतरिताच्या दानावर दुसऱ्या स्थलांतरिताचा अनाथ मुलगा शिकला.

१८६४ साली, अठराव्या वर्षी, चेटर बहिणीच्या आधाराने हाँगकाँगला गेले. हाताशी भांडवल नव्हते. आरंभी त्यांनी बँकेत कारकुनी केली. पुढे नोकरी सोडून सोन्याचांदीची व हुंडणावळीची दलाली सुरू केली. या उद्योगात त्यांना भागीदार मिळाले ते होर्मसजी नवरोजी मोदी, मुंबईहून गेलेले पारशी गृहस्थ. कोलकात्याचा आर्मेनियन आणि मुंबईचा पारशी यांची ही जोडी चिनी किनाऱ्यावर जमली आणि ‘चेटर अँड मोदी’ हे नाव तेथील व्यापारात दुमदुमू लागले.

हाँगकाँग बेटावर डोंगर थेट समुद्रात उतरतो. सपाट जागेचा तेथे कायमचा दुष्काळ. सात बेटे जोडून उभ्या राहिलेल्या मुंबईची कथा ठाऊक असणाऱ्यांना ही अडचण समजावून सांगायला नको. जमीन नसेल तर ती समुद्राकडून मिळवावी, हे चेटर यांनी ओळखले. रात्रीच्या वेळी लहान होडीतून जाऊन त्यांनी बंदराच्या पाण्याची खोली मोजली, अशी हकीकत सांगितली जाते. किनाऱ्यालगतच्या मालमत्ताधारकांनी खर्चाचा वाटा उचलावा आणि भरावातून निर्माण होणारी पुढची जमीन त्यांना मिळावी, अशी त्यांच्या योजनेची मांडणी होती. १८९० साली या कामाचा आरंभ झाला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत ते पूर्णत्वास गेले. शहराच्या मध्यभागातील आजचा चेटर रोड याच भरावाच्या भूमीवर आहे.

तत्पूर्वी १८८६ साली समोरच्या काउलून किनाऱ्यावर धक्के आणि वखारी बांधणाऱ्या कंपनीच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १८८९ साली हाँगकाँग लँड ही जमीनजुमल्याची कंपनी व हाँगकाँग इलेक्ट्रिक ही वीज कंपनी यांच्या उभारणीतही ते अग्रभागी होते. १८९० च्या डिसेंबरात त्या शहरात विजेचे दिवे लागले. १९०२ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. मोदींच्या उदार देणगीतून हाँगकाँग विद्यापीठाची इमारत उभी राहिली. १९१० साली तिची कोनशिला बसली. १९१२ साली विद्यापीठ सुरू झाले, पण ते पाहण्यास मोदी हयात नव्हते.

चरित्र सांगताना केवळ उजळ बाजू दाखवणे हा विद्यार्थ्यांवर अन्याय ठरेल. ती वसाहत अफूच्या व्यापारातून वाढली होती आणि मोदींच्या संपत्तीचा आरंभही त्याच व्यापारात होता. भरावाचे दगड ज्या चिनी मजुरांनी वाहिले, त्यांची नावे कोणत्याही रस्त्याला लाभली नाहीत. १९०४ साली तेथील उंच, हवेशीर टेकडीवर चिनी लोकांनी राहू नये, असा कायदा झाला. त्या काळात चेटर वसाहतीच्या कारभारी मंडळांचे सदस्य होते. मोठ्या माणसाचे मोठेपण मानताना त्याच्या काळाचा हा हिशेबही मांडावाच लागतो.

चेटर यांनी स्वतःसाठी ‘मार्बल हॉल’ नावाचा संगमरवरी प्रासाद बांधला, त्यात चिनी मातीची दुर्मिळ भांडी आणि चित्रे जमवली, आणि हे सारे सरकारला मिळावे अशी तरतूद केली. २७ मे १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे महायुद्ध आले. जपानी अंमलात तो संग्रह बहुतांशी नाहीसा झाला. १९४६ साली प्रासादही आगीच्या भक्ष्यस्थानी पडला.

मात्र त्यांचे एक दान टिकले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ला मार्टिनियर शाळा गंभीर आर्थिक संकटात सापडली होती. हाँगकाँगमध्ये साठ वर्षे काढलेल्या त्या माजी विद्यार्थ्याने अकरा लाख रुपये शाळेला दिले. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. शाळा तगली. आजही तेथील मुले दररोजच्या प्रार्थनेत चेटर यांचे नाव घेतात. संगमरवराने जे राखले नाही, ते मुलांच्या मुखाने राखले आहे.

महाराष्ट्रापासून दूर एखादी मराठी शाळा साठ वर्षे चालते, तीही स्थलांतरितांच्याच बळावर. पोटापाण्यासाठी परमुलखात आलेल्यांनी मुलांची भाषा तुटू नये म्हणून ती उभारलेली असते. तिचे विद्यार्थी पुन्हा दूरदूर पांगतात. वर्गांची संख्या रोडावते, आणि शिष्यवृत्तीवाचून अडलेले एखादे मूल दरवर्षी दाराशी उभे राहते. प्रत्येकाला लाखांचे दान शक्य नाही, आणि ते अपेक्षितही नाही. एका मुलाचे शुल्क, ग्रंथालयासाठी एखादे कपाट, आपल्या व्यवसायाची माहिती देणारा एक तास, किंवा आपल्याच मुलाला या शाळेत घालण्याचा निर्णय, ही सर्व ऋषिऋणाची फेड होय.

क्लॉड मार्टिन यांना चेटर कधी दिसले नाहीत. पहिल्याचे निधन दुसऱ्याच्या जन्माआधी शेहेचाळीस वर्षे झाले होते. देणाऱ्याने घेणारा पाहिलेला नसतो. तरीही साखळी जोडली जाते. या शाळेच्या साखळीतील पुढची कडी आज या सभागृहातच बसलेली आहे. तिने आपले स्थान ओळखावे, एवढीच हीरक महोत्सवाच्या शुभप्रसंगी विनंती.