डोस उतरवताना



अफूच्या जातीचं औषध वर्षानुवर्षं घेतलेल्या माणसाला 'आता कमी कर' म्हणणं सोपं असतं. डोस उतरू लागला की जांभया येतात, नाक-डोळे गळतात, अंगावर काटा येतो, पोटात कळा येतात, जुलाब लागतात, पाय एका जागी ठरत नाहीत, झोप उडते. आपल्याकडे ब्राउन शुगर सोडणारी माणसं याला 'टर्की' म्हणतात. निश्चय पक्का असलेला माणूसही इथेच मोडतो, आणि आपण त्याच्या निश्चयालाच नावं ठेवतो.

अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरात, या त्रासावर एक छोटा प्रयोग झाला. व्यसनावरचा उपचार म्हणून रोज मेथाडोन, हेही अफूच्याच जातीचं औषध, घेणारी तीसेक माणसं आता तेही कमी करू पाहत होती. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या रेमंड क्वॉक यांनी आधी उंदरांवर पाहिलं होतं की, दाबाखाली प्राणवायू दिला तर औषध तुटल्याचा त्रास कमी होतो. तेच आता माणसांवर करून पाहायचं होतं.

घाईनं वर आलेल्या पाणबुड्यांवर ज्या बंद कक्षात उपचार करतात, तसाच त्यासाठीचा कक्ष. आत जाताना अंगावर फक्त सुती कपडे. तेल, अत्तर, लायटर, मोबाइल सगळं बाहेर, कारण शुद्ध प्राणवायूत एक ठिणगीही पुरते. दाब चढू लागला की कानांत दडे बसतात. मग आवंढे गिळत राहायचं. एका गटाला नेहमीच्या दुप्पट दाबात दीड तास प्राणवायू दिला. दुसऱ्या गटाला साधीच हवा दिली, तीही किंचित दाबानं, म्हणजे आपण कोणत्या गटात आहोत हे कुणाला कळू नये. ही खबरदारी मला फार मोलाची वाटते. नुसतं कुणी शेजारी बसून विचारपूस केली तरी अशा माणसाला बरं वाटतं. तो गुण प्राणवायूच्या खात्यात जमा होता कामा नये.

आठवड्याभरानं प्राणवायूच्या गटाचा डोस जास्त उतरलेला दिसला. गट मात्र लहान होता, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनानं व्यसनासाठी या उपचाराला अजून मान्यता दिलेली नाही. हमी देऊन पैसे घेणाऱ्यापासून दूर राहा.

घरात कुणी डोस उतरवत असेल तर त्याच्या गोळ्या एकदम काढून घेऊ नका. त्रास वाढला तर डॉक्टरांना सांगून टप्पा लहान करून घ्या. आणि मध्ये खंड पडला तर जुना डोस आपल्या मनानं पुन्हा सुरू करू देऊ नका: शरीराची सवय मोडलेली असते, आणि पूर्वी पचलेल्या त्याच मात्रेनं श्वास बंद पडू शकतो.